चार स्क्रूंऐवजी सहा चुंबक : डेस्कटॉप सीएनसीचा डस्ट शू एका हाताने कसा निघावा?

(या भागाचं थोडं संपादित केलेलं लिखित रूप. बोलीतली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय वरवर पाहिला तर अगदी छोटा आहे. टेबलावर मावणाऱ्या सीएनसी राउटरला धूळ ओढून घेण्यासाठी जे कव्हर लावतात, ज्याला सगळे डस्ट शू म्हणतात, ते चुंबकावर कसं बसवायचं, एवढंच. पण या एका कव्हरच्या निमित्ताने चुंबकाचं गणित, प्लास्टिकचे स्वभाव, थोडी यंत्ररचना आणि बरंचसं माणसाच्या स्वभावाचं शास्त्र, असं सगळं येतं. ज्यांच्याकडे सीएनसी नाही त्यांनीही थांबा. थ्रीडी प्रिंटरचं झाकण असो, शिलाई मशीनचं कव्हर असो की घरातला एखादा पॅनेल, हिशेब बराचसा तोच लागतो.

डस्ट शू म्हणजे काय?

सीएनसी राउटर म्हणजे कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून फिरणारं कोरीव कामाचं मशीन. त्याच्या स्पिंडलमध्ये एक बिट बसवलेलं असतं. छोट्या मशीनवर ते मिनिटाला १०,००० फेरे घेतं, आणि हातात धरायचा ट्रिम राउटर बसवला असेल तर ३०,००० पर्यंतही. लाकूड, एमडीएफ किंवा अॅक्रिलिकमध्ये हे बिट घुसलं की भुसा चारी बाजूंना उडतो. डस्ट शू म्हणजे बिटाभोवती खाली ब्रशची झालर असलेली एक टोपी. एका बाजूला तिला व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडतात. झालर भुसा अडवते आणि नळी तो ओढून घेते.

मोठे तुकडे ही खरी अडचण नाही. ते खाली पडतात, झाडून निघतात. त्रास देते ती डोळ्याला न दिसणारी धूळ. ५ मायक्रॉनहून बारीक कण श्वासाबरोबर फुप्फुसात अगदी खोलवर पोचतात, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अंदाज करा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, लाकडाची धूळ १९९५ साली पहिल्या गटात टाकली. पहिला गट म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींचा. एमडीएफमध्ये लाकडाच्या तंतूंसोबत फॉर्मल्डिहाइडवर आधारलेलं रेझिनही असतं, आणि फॉर्मल्डिहाइडसुद्धा त्याच गटात आहे. कारखान्यात मोठी धूळ ओढणारी यंत्रणा असते. आपली मशीनं मात्र बेडरूमच्या कोपऱ्यात, गॅलरीत, नाहीतर दुकानाच्या माळ्यावर असतात. त्याच खोलीत रात्री कुणीतरी झोपतं.

मग अडतं कुठे?

माझ्या ओळखीच्या एक ताई डोंबिवलीला घरूनच नावाच्या पाट्या करतात. त्यांच्या मशीनला डस्ट शू होता, चांगला होता, पण तो कायम भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला. मी विचारलं, "ताई, हा लावत का नाही?" त्या म्हणाल्या, "अहो दादा, एका पाटीला तीन वेळा बिट बदलायचं. दर वेळी चार स्क्रू काढायचे, परत लावायचे. दिवसाला आठ पाट्या असतात. कोण करत बसणार?"

आता त्यांचा हिशेब आपण करू. पाटीला आधी जाड बिटाने जागा मोकळी करायची, मग व्ही आकाराच्या बिटाने अक्षरं कोरायची, मग तिसऱ्या बिटाने पाटी कापून वेगळी करायची. तीन बिटं, आठ पाट्या, म्हणजे दिवसाला चोवीस वेळा कव्हर काढा आणि लावा. एका वेळेला तीन मिनिटं धरली तरी बहात्तर मिनिटं नुसत्या स्क्रूमध्ये जातात. ताई आळशी नव्हत्या, त्यांनी अगदी बरोबर हिशेब केला होता. ते कव्हर चुकीच्या ठिकाणी महाग होतं.

म्हणून या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आधीच सांगून टाकतो. जे संरक्षण काढायला-लावायला कटकटीचं असतं, ते काही दिवसांत खिळ्यावर जातं. त्यामुळे सुटसुटीतपणा हा इथे चैनीचा भाग नाही, सुरक्षिततेचाच भाग आहे. कव्हर एका हाताने दोन सेकंदांत निघालं पाहिजे आणि न बघता परत बसलं पाहिजे. चुंबक लावायचा तो एवढ्यासाठी.

कोणता चुंबक?

आपल्याला लागतो तो निओडिमियम चुंबक. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा. १९८२ साली जपानमध्ये सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये मासातो सागावा यांनी तो शोधला, आणि त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्समध्येही स्वतंत्रपणे तो तयार झाला. या कामासाठी सागावांना २०२२ चं क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पारितोषिक मिळालं. हा चुंबक नसता तर आजची हार्ड डिस्क, इअरफोन, विजेच्या बऱ्याच गाड्या या रूपात दिसल्या नसत्या.

बाजारात गेलात की एन३५, एन४२, एन५२ असे आकडे ऐकू येतात. आकडा मोठा, चुंबक ताकदवान. पण आकड्यानंतर अक्षर आहे का तेही बघा. नुसता एन३५ साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत चालतो. त्यापुढे तापवला तर थोडी ताकद कायमची जाते, गार झाल्यावर परत येत नाही. पुढे एम असेल तर १०० अंश, एच असेल तर १२० अंश. डस्ट शूसाठी साधा एन३५ पुरतो. एन५२ घेण्यापेक्षा जागा नीट ठरवण्यावर डोकं खर्च करा, त्याचा फायदा जास्त होतो. कसा ते पुढे येईलच.

कॅटलॉगमधले किलो आणि आपले किलो

१० मिमी व्यासाची, ३ मिमी जाड चकती घेतली तर विकणारा सांगतो, दीड ते दोन किलो धरते. तो खोटं बोलत नाही. पण हा आकडा तीन अटींवर असतो. समोर जाड, सपाट लोखंडी पाट असावा. मध्ये कागदाएवढंही अंतर नसावं. आणि ओढ सरळ, काटकोनात असावी. आपल्या कव्हरमध्ये यातली एकही अट पुरी होत नाही.

पहिलं, अंतर. चुंबकाची पकड अंतरासोबत झपाट्याने उतरते. या आकाराची चकती लोखंडापासून १ मिमी लांब गेली की साधारण निम्मी पकड गेली. दोन थर रंग, थोडा भुसा, प्लास्टिकचा पापुद्रा, एवढ्यात १ मिमी कधी होतो कळत नाही.

दुसरं, दिशा. चुंबक सरळ ओढायला जड, पण बाजूला सरकवायला सोपा. फ्रीजवरचा चुंबक आपण ओढून काढत नाही, सरकवून काढतो, तेच. सरकण्याला विरोध होतो तो फक्त घर्षणाचा, आणि गुळगुळीत निकेलच्या मुलाम्यावर तो पकडीच्या पाचव्या भागाएवढाच भरतो. म्हणजे दीड किलोचा चुंबक बाजूने ढकलला तर तीनशे ग्रॅमलाच घसरू शकतो.

तिसरं, समोरचं लोखंड. पातळ पत्रा सगळं चुंबकीय क्षेत्र पोटात घेऊ शकत नाही. अर्ध्या मिमीच्या पत्र्यावर तोच चुंबक बराच कमी धरतो. आणि इथे एक खास आपल्याकडची गंमत. हार्डवेअरच्या दुकानात आपण "स्टीलचे वॉशर द्या" म्हणतो आणि तो ३०४ ग्रेडचे स्टेनलेस देतो. त्याला चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. इंडक्शनवर भांडं चालेल का बघायला घरात जसा चुंबक लावून बघतात, तसाच इथेही खिशात चुंबक ठेवा आणि दुकानातच लावून बघा. साधे लोखंडी, मुलामा दिलेले वॉशर हवेत.

आता खरा हिशेब

माझ्या डिझाइनमध्ये मी हे आकडे धरले. कव्हरचं स्वतःचं वजन २०० ग्रॅम. नळीचा जेवढा भार कव्हरवर येतो तो ३०० ग्रॅम. हे दोन्ही सगळ्यांना सुचतात. तिसरा भार मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे हवेचा.

व्हॅक्यूम चालू झाला की कव्हरच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. मग वरची हवा कव्हरला खाली दाबते, म्हणजे चुंबकापासून तोडायला बघते. कव्हरचं क्षेत्रफळ ६० चौरस सेंमी आहे आणि झालर लाकडावर घट्ट टेकल्याने दाब २ किलोपास्कलने उतरला, असं धरा. ०.००६ चौरस मीटर गुणिले २,००० पास्कल, म्हणजे १२ न्यूटन. आपल्या भाषेत सव्वा किलोच्या जवळपास. कव्हर आणि नळी मिळून अर्धा किलो, आणि एकटी हवा सव्वा किलो! मशीन बंद असताना घट्ट वाटणारं कव्हर व्हॅक्यूम लावल्यावर का पडतं, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. म्हणून कव्हरच्या वरच्या बाजूला थोडी हवा आत यायला वाट ठेवा. धूळ वाहून न्यायला हवेचा प्रवाह लागतो, नुसता घट्ट दाब नाही.

तर सरळ खाली ओढणारा भार झाला १.७ किलो.

यापुढे नळीचा हिसका. मशीन मागे-पुढे जाताना नळी अडकते, ताणते. कव्हर सरळ खाली पडत नाही, ते बिजागरीच्या दारासारखं एका बाजूने उघडतं. नळी चुंबकांच्या पातळीपासून १० सेंमी वर धरलेली आहे आणि अर्ध्या किलोचा हिसका बसला, तर पलटवणारा जोर ५ किलो-सेंमी. चुंबकांच्या पुढच्या आणि मागच्या रांगेत ७ सेंमी अंतर असेल तर मागच्या रांगेवर येतात ५ भागिले ७, म्हणजे साधारण ०.७ किलो. अंतर साडेतीन सेंमी असेल तर दुप्पट, १.४ किलो. कळलं ना मी मघाशी जागेबद्दल का म्हणालो? चुंबक तेवढेच ठेवून नुसते लांब लांब बसवले की काम निम्मं होतं. ताकद विकत घ्यावी लागते, अंतर फुकट मिळतं.

आता मागच्या रांगेवर एकूण किती? सरळ भाराचा निम्मा ०.८५ आणि हिसक्याचा ०.७, मिळून १.५५ किलो. कॅटलॉगमधला १.६ किलोचा चुंबक मी निम्माच मोजतो, ०.८ किलो. एकूण चार चुंबक लावले तर मागे दोन येतात, १.६ किलो. हे तर काठावर आलं. एकूण सहा लावले तर मागे तीन, २.४ किलो. गरजेच्या दीडपट. म्हणून सहा. शीर्षकातला सहाचा आकडा असा आला.

आणि हो, भार कमी करता येतो हेही विसरू नका. नळी वरून छताला किंवा एखाद्या दांडीला टांगली तर तिचं वजन आणि हिसका दोन्ही उतरतात. एक दोरी आणि एक हूक, त्याने जेवढं काम होतं तेवढं महागडा चुंबक घेऊन होत नाही.

चुंबकाने धरावं, खाचेने जागा दाखवावी

चुंबक बाजूला सरकतो हे आपण बघितलं. मग कव्हर दर वेळी त्याच जागी कसं बसणार? त्यासाठी दोन कामं वेगळी करायची. धरायचं काम चुंबकाचं, जागेवर ठेवायचं काम प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या आकाराचं.

सोपा उपाय म्हणजे दोन खुंट्या आणि दोन भोकं. चालतं. पण दोन घट्ट खुंट्या दोन घट्ट भोकांत बसवायच्या तर अंतर अगदी तंतोतंत लागतं, नाहीतर अडकतं. म्हणून एक भोक गोल आणि दुसरं लांबट ठेवतात.

त्याहून छान उपाय एकोणिसाव्या शतकातला आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेलच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी: एका भागावर तीन गोल उंचवटे, दुसऱ्यावर तीन व्ही आकाराच्या खाचा, तिन्ही खाचा मध्यबिंदूकडे तोंड केलेल्या, एकमेकींपासून १२० अंशांवर. प्रत्येक गोळा आपल्या खाचेच्या दोन भिंतींना टेकतो. तीन दुणे सहा स्पर्शबिंदू. कुठलीही वस्तू अवकाशात सहाच प्रकारे हलू शकते, तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. सहा स्पर्शांनी सहाही वाटा बंद होतात, ना कमी ना जास्त. म्हणून हे डगमगतही नाही आणि अडकतही नाही. तीन पायांचं स्टूल ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, हे त्याचंच घरगुती रूप.

थ्रीडी प्रिंटिंगच्या जगात ही कल्पना ओळखीची आहे. ज्युबिली नावाच्या प्रिंटरमध्ये छपाईची वेगवेगळी डोकी तीन गोळ्यांवरच बसतात. व्होरॉन प्रिंटर बांधणाऱ्यांचा क्लिकी प्रोब चुंबकानेच चिकटतो आणि काम झालं की सुटतो. डस्ट शूला एवढी अचूकता लागत नाही. पण या मांडणीचा आपल्याला दुसरा फायदा हवा आहे. सरळ खुंटी बाजूच्या धक्क्याला अडवून धरते. उतरत्या खाचेतला गोळा मात्र जोराचा धक्का बसला की खाचेच्या भिंतीवरून वर चढतो आणि सुटतो. झालर कधी लाकूड धरणाऱ्या क्लॅम्पवर आपटली तर कव्हर निघून जावं, मोडू नये, स्पिंडल वाकवू नये, हे आपल्याला पाहिजेच आहे. २००६ साली अॅपलने मॅकबुक प्रोला मॅगसेफ चार्जर दिला त्यामागे हाच विचार होता: वायरीत पाय अडकला तर वायर सुटावी, लॅपटॉप पडू नये. जपानमधल्या पाणी उकळायच्या विजेच्या भांड्यांना अशी चुंबकी वायर त्याआधीपासून होती.

एक काळजी घ्या. टेकायचं काम गोळ्यांनी करायचं असेल तर चुंबकांची तोंडं एकमेकांना टेकू देऊ नका. मध्ये ०.४ मिमीची फट ठेवा. नाहीतर नक्की कोण कोणावर टेकलंय हे ठरत नाही आणि कव्हर खडखडतं.

समोर चुंबक की लोखंड?

दोन्ही चालतं, पण फरक आहे. समोर लोखंड असेल तर स्वस्त, आणि उत्तर-दक्षिणेची भानगड नाही. समोर चुंबक असेल तर फटीचा फटका कमी बसतो. जाड लोखंडासमोर चुंबक ठेवला की लोखंड आरशासारखं वागतं, जणू तेवढ्याच अंतरावर पलीकडे दुसरा चुंबक उभा आहे. त्यामुळे लोखंडापासून अर्धा मिमी म्हणजे जोडीच्या चुंबकापासून एक मिमी. आपल्याकडे प्लास्टिकचे दोन पापुद्रे आणि एक फट, मिळून १.२ मिमी होतात. चुंबकांची जोडी वापरली तर ते ०.६ मिमीवर लोखंड ठेवल्यासारखं. म्हणून मी जोडी निवडली. म्हणजे वर सहा, खाली सहा, एकूण बारा चकत्या.

जोडीचा आणखी एक फायदा. वरच्या पट्टीत पुढच्या रांगेत उत्तर ध्रुव खाली ठेवा आणि मागच्या रांगेत दक्षिण. कव्हरवर त्याच्या उलट. आता कुणी कव्हर पुढचं मागे करून लावायला गेलं तर सगळे चुंबक ढकलून देतात. बसतच नाही. सूचना लिहून ठेवायची गरज नाही, हातालाच कळतं.

छापताना

कप्पा कोणत्या बाजूने उघडा ठेवायचा, हा इथला कळीचा प्रश्न. बरेच जण जोडाच्या तोंडाकडून खड्डा करतात आणि चुंबक फेव्हिक्विकने चिकटवतात. मग दर वेळी कव्हर ओढलं की चुंबकाची ओढ थेट गोंदावर येते. इन्स्टंट गोंद कडक आणि ठिसूळ, निकेल गुळगुळीत. दिवसाला चोवीस हिसके तो किती दिवस सोसणार? त्याऐवजी चुंबक मागच्या बाजूने आत घाला. म्हणजे ओढ ज्या दिशेला आहे तिकडे प्लास्टिकची भिंत असेल, दोन थरांची, ०.४ मिमी जाड. चुंबक त्या भिंतीवर दाबला जातो, गोंदाला फक्त त्याला मागे पडू न देण्याचं काम उरतं. तिथे अराल्डाईटसारखा दोन भागांचा इपॉक्सी उत्तम.

मापं: १० मिमी चकतीला १०.२ मिमीचा कप्पा, ३.२ मिमी खोल. पण प्रत्येक प्रिंटरचा स्वभाव वेगळा, म्हणून आधी १०.०, १०.१, १०.२, १०.३ अशा चार भोकांची छोटी पट्टी छापा. दहा मिनिटांचं काम, पण पूर्ण कव्हर परत छापायचं वाचतं.

प्लास्टिक कोणतं? पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, आणि सततच्या दाबाखाली त्याआधीच हळूहळू वाकतं. स्पिंडलच्या अंगाला घट्ट बसणारा पट्टा, तापलेली मोटर आणि विदर्भातला मे महिना, असं एकत्र आलं तर पीएलएवर विसंबू नका. पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं आणि ठिसूळही नाही. कव्हरचा वरचा भाग पारदर्शक अॅक्रिलिकचा केला तर बिट दिसतं. जे दिसतं त्यासाठी माणूस कव्हर काढत नाही.

चुंबक घालताना एक युक्ती. सगळे चुंबक एकाच रांगेत एकमेकांना चिकटवून ठेवा, एका टोकाला लाल मार्करने ठिपका, मग एकेक काढताना प्रत्येकावर त्याच बाजूला ठिपका. ध्रुवांचा गोंधळ होत नाही.

काढायचं कसं?

सहा जोड्या प्रत्येकी ०.८, म्हणजे सरळ ओढायचं तर ४.८ किलो जोर लागेल. एका हाताला तो जास्त आहे, आणि सुटताना हात झटकन खाली जाऊन बिटाच्या धारेवर आपटेल. पण नळीच्या हिसक्याचं जे गणित आपल्या विरुद्ध जात होतं, तेच आता आपल्या बाजूने वापरायचं. पुढच्या काठाला अंगठ्यापुरता एक ओठ ठेवा, रांगेच्या २ सेंमी पुढे. अंगठ्याने तो खाली दाबला की मागची बाजू बिजागरी होते. बिजागरीपासून पुढची रांग ७ सेंमीवर, अंगठा ९ सेंमीवर. २.४ गुणिले ७ भागिले ९, म्हणजे १.९ किलोच्या आत काम झालं. पुढची रांग सुटली की मागची आपोआप मोकळी होते.

ओठ पुढेच का? नळी वरून मागे ओढते तेव्हा मागची रांग उघडू बघते, पुढची उलट दाबली जाते. म्हणजे नळीचा हिसका आणि आपला अंगठा वेगवेगळ्या बाजूंनी काम करतात. मशीनच्या हालचालीने चुकून तसंच उघडायची शक्यता त्यामुळे कमी होते.

सहज निघतं, हीच भीती

आता नाण्याची दुसरी बाजू. स्क्रूचं कव्हर चालू मशीनवर कुणी काढत नाही. चुंबकाचं काढू शकतं. "जरा बघू काय झालं" म्हणत हात जातोच. घरात मूल असेल तर विचारूच नका.

यासाठी एक छोटा रीड स्विच लावता येतो. १९३६ साली बेल लॅबमध्ये वॉल्टर एलवुड यांनी शोधलेली ही काचेची नळी, आत लोखंडाच्या दोन पात्या, जवळ चुंबक आला की पात्या जुळतात. कव्हरवर एक वेगळा छोटा चुंबक बसवा आणि स्विच धरणाऱ्या सहा चुंबकांपासून लांब ठेवा, नाहीतर कव्हर नसतानाही स्विच लागलेलाच राहील. जीआरबीएल हे या छोट्या मशीनवर सर्रास चालणारं फर्मवेअर आहे. त्यात दार उघडल्याचा संदेश घेण्याची सोय आहे, तो पर्याय सुरू करून घ्यावा लागतो. दार उघडलं की मशीन थांबतं आणि स्पिंडल बंद करण्याचा आदेश जातो. पण लक्षात घ्या, ट्रिम राउटर स्वतःच्या बटणावर चालत असेल तर तो या आदेशाने थांबणार नाही. आणि हा काही प्रमाणित सुरक्षा स्विच नाही. बिट बदलताना प्लग काढायचा तो काढायचाच.

चालू कामात कव्हर निघालंच तर ते फिरत्या बिटावर पडू नये, म्हणून मधलं भोक सगळ्यात जाड बिटापेक्षा भरपूर मोठं ठेवा आणि कव्हरला नायलॉनची एक आखूड दोरी बांधा, बिटापर्यंत न पोचणारी.

चुंबक घरात आणताना

हा भाग लवकर सांगतो, पण हलक्यात घेऊ नका. छोटे निओडिमियम चुंबक मुलांच्या हाती लागता कामा नयेत. एकाहून जास्त गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन घड्या मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला छिद्र पडू शकतं. तसं वाटलं तर वाट न बघता हॉस्पिटल. काम संपल्यावर चकत्या मोजून डबीत ठेवा. पेसमेकर असलेल्यांनी निदान १५ सेंमी अंतर ठेवावं. मशीनवर हॉल सेन्सरचे लिमिट स्विच असतील तर चुंबक त्यांच्या जवळ येत नाही ना ते बघा. शेजारी लोखंड घासायचं ग्राइंडर असेल तर लोखंडाचा चुरा चुंबकांवर केसांसारखा उगवेल. चुंबक प्लास्टिकच्या आत असल्याने ओल्या फडक्याने पुसता येतो, उघड्या चुंबकावरून तो निघता निघत नाही.

आणि डस्ट शू सगळी धूळ पकडत नाही. एमडीएफ कापताना एन९५ मास्क लावा. साध्या व्हॅक्यूमची पिशवी बारीक धूळ मागून परत खोलीत सोडते, म्हणून हेपा फिल्टर बघून घ्या.

थोडक्यात क्रम

करायला बसलात तर या क्रमाने जा. आधी भार मोजा: वजन, नळी, हवा, हिसका. मग चुंबक जितके लांब बसवता येतील तितके लांब बसवा. कॅटलॉगचा आकडा निम्मा धरा आणि दीडपट राखीव ठेवा. जागा दाखवायला खाचा, धरायला चुंबक. चुंबकाच्या ओढीकडे प्लास्टिकची भिंत. शेवटी अंगठ्याचा ओठ. एवढं झालं की व्हॅक्यूम पूर्ण लावून, बिट न बसवता, मशीन चारी कोपऱ्यांत जोरात फिरवून बघा. तिथे टिकलं तर कामात टिकेल.

डोंबिवलीच्या ताईंचं मशीन वेगळ्या मापाचं आहे, त्यामुळे त्यांना पट्टा वेगळा करावा लागला, बाकी सगळं हेच. तुमच्याकडे स्पिंडलचा व्यास ५२ मिमी असेल, ६५ असेल, अजून काही असेल, तर फक्त पट्ट्याचं माप बदला. रांगांमधलं अंतर मात्र कमी करू नका, सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

पुढच्या भागात व्हॅक्यूमच्या आधी बादलीतला सायक्लोन कसा लावायचा, म्हणजे पिशवी दर आठवड्याला भरणार नाही, त्याबद्दल बोलू. तोवर खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा.